पत्त्याची रेघ

कौन्सिलचा फॉर्म आलाय.
‘संस्थेचा इतिहास, दोनशे शब्दांत.’
खाली चौकट, माझ्या तळहाताएवढी.

बरं. लिहिते.

सुरुवात लेस्टरच्या होजिअरीत झाली,
बायकांच्या संडासात, एक्क्याऐंशीच्या थंडीत.
ओव्हरलॉकवर माझ्या शेजारी बसायची हेमलता, मिरजेची.
हीटरपाशीसुद्धा गळ्याला मफलर.
तोंड धुताना तिनं तो काढला
आणि आरशात मी पाहिलं,
आणि मी पाहिलं हे तिनं पाहिलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, आई म्हणायची.
मूठ कुणाची, कुणावर उगारलेली,
ते म्हणीत नव्हतं.

पहिल्या रात्री ती माझ्या स्वयंपाकघरात झोपली.
नवरा माझ्याशी आठवडाभर बोलला नाही,
मग एका संध्याकाळी
खांद्यावर दुसरी गादी घेऊन आला.
(हे चौकटीत बसायचं नाही.)

मग हरबन्स कौर, पॅकिंगची. तिनं पाटल्या विकल्या.
मिस अर्लीननं चर्चच्या डब्यातून साठ पौंड आणले,
पाद्रीबाबांना नंतर सांगू म्हणाली.
अजून सांगितलेलं नाही.
भाडेकरारावर सही डॉट हॅरिसनची,
कारण आमची नावं ऐकली की
खोली नेमकी कालच गेलेली असायची.

तीन खोल्या, एक न्हाणी,
वरून तिसरी पायरी करकरणारी. ती आम्ही दुरुस्त केली नाही,
कोण आलं ते कळायचं.
फ्रिजच्या फळ्यांवर नावं, चार लिप्यांत.
पासपोर्ट पिठाच्या डब्यात.
जिचा नवऱ्याकडेच राहिला
तिच्या नावाचं रिकामं पाकीट,
तेही पिठातच.

देवळाच्या कमिटीतले तिघे माझ्या घरी आले, कोट घालून.
“घरं फोडता तुम्ही.”
हरबन्सनं चहा केला.
साखर घालायची विसरली, तिन्ही कपांत.
त्यांच्यातल्याच एकाची सून
पुढच्या मार्चमध्ये आली.
कुणाची ते लिहिणार नाही.

शहाऐंशीत खिडकीतून वीट आली,
पाळण्यापासून हातभर.
त्याच रात्री घर हलवलं.
करामत अलीनं टॅक्सीच्या अकरा फेऱ्या मारल्या.
पैसे विचारले तर म्हणे, मीटर बिघडलंय.
नवा पत्ता कुणाला बोलू नकोस म्हटलं तर म्हणे,
“बाजी, मला रस्ते लक्षात राहत नाहीत.”
वीस वर्षं या गावात टॅक्सी चालवणारा माणूस.

‘किती महिलांना लाभ झाला? आकड्यांत लिहा.’

कोकिळाबेन सहा वेळा आली, सहा वेळा परत गेली.
एक मोजू की सहा?
सातव्यांदा आली ती शिलाई मशीन घेऊन,
तेव्हा कळलं, आता नाही जायची.

आणि नूरुन्निसा.
पोराची परीक्षा आहे, म्हणाली, पेपर झाले की येते.
रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे माझ्याच अक्षरात: ‘येते म्हणाली.’
पुढचं पोलिसांनी सांगितलं.
तिच्या चपला जिन्याखाली आहेत.
तीन घरं बदलली, चपला प्रत्येक वेळी बरोबर आल्या.
त्यांच्यासाठी रकाना नाही.

हेमलता आता लाफबरोला असते.
दर दिवाळीला फोन करते,
भाजणीचं प्रमाण विचारायला, जे तिला
माझ्यापेक्षा चांगलं येतं.

शेवटची ओळ: ‘संस्थेचा संपूर्ण पत्ता.’

डॉट हॉस्पिटलात होती शेवटचे दिवस,
औषधांच्या गुंगीत काय काय बोलायची,
भावाची नावं, कुत्र्याचं नाव, युद्धातलं रेशन.
हे नाही बोलली. मी उशाशी बसून होते,
मुद्दाम.

ही रेघ अशीच राहू दे.
अनुदान कापायचं तर कापा.

बाहेर गाडीचं दार वाजलं. पावणेदोन.
करामतचा मुलगा असणार, दिवे बंद ठेवून येतो, बापासारखाच.
कुणीतरी उतरतंय, पायांत दोन वेगवेगळे बूट,
झोपलेलं पोर खांद्यावर.

तिसरी पायरी सांभाळ, तिला सांगायला हवं.
फॉर्म किटलीखाली ठेवते.
शुक्रवारपर्यंत मुदत आहे.