एकसारख्या ओळी

डिझेलच्या परताव्याची यादी
यंदा तालुक्याने अकारविल्हे मागितली आहे.
आमची यादी कधीच तशी नव्हती.
हर्णैच्या सोसायटीच्या रजिस्टरात माणसं घरांप्रमाणे लागलीत,
बंदराच्या टोकापासून सुरुवात, पाजपंढरीच्या वाटेशी शेवट,
मधे एक विहीर, एक मशीद, बर्फाचा कारखाना.
नाव वाचलं की मला त्याचं दार दिसतं.

दोनशे बारा ओळी, मी एका बोटाने टाइप केलेल्या.
भाच्याने ब्राउझरमध्ये एक पान उघडून दिलं.
काही उतरवून घ्यायला नको, पैसे नकोत, कोण तुम्ही विचारत नाही,
नुसती एक पांढरी पेटी.
ओळी ओतल्या. बटण दाबलं.
पाटीतला म्हावरा ओतायलाही याहून वेळ लागतो.

सगळ्यात वर आला यशवंत रघुवीर,
य चा माणूस, अ च्याही आधी.
त्याच्या नावाअगोदर माझ्या हातून एक मोकळी जागा पडली होती,
न दिसणारी.
लिलावातही तो असाच पुढे असतो
आणि तिथेही कारण दिसत नाही.

ज्ञानू राखांगे शाळेत हजेरीला कायम शेवटी,
तो जोमाच्या पाठीशी येऊन बसला.
पानाच्या लेखी ज्ञ म्हणजे ज, आणि काही नाही.
भालचंद्र पालेकर आणि भालू पावसे,
जाळं कापल्यापासून अकरा वर्षं
एकमेकांच्या सावलीला उभे राहत नाहीत.
आता खांद्याला खांदा.

हे सगळं हसत बघत होते,
तेवढ्यात परत वर क कडे नजर गेली.
केशव चोगलेच्या खाली, कोंडाजीच्या वर,
एकाखाली एक चौदा जण.
कै. कै. कै. कै.
रजिस्टरात ते आपापल्या दाराशी होते,
चालत्याबोलत्या शेजाऱ्यांच्या मधे, कुणाला कुणाची अडचण नव्हती.
इथे एका अक्षराने आणि टिंबाने त्यांना गोळा करून
एका होडीत बसवलं होतं.
केशवला सांगितलं नाही.
त्याच्या छातीत शिमग्याच्या आधीच स्प्रिंग बसवलीय.

खाली एक चौकोन होता:
एकसारख्या ओळी काढून टाका.
माझ्या चुका असतात, म्हणून खूण केली.
एक ओळ काढली, म्हणालं पान.
दोनशे अकरा.

कोण गेलं ते शोधण्यात दुपार गेली.
लाइट गेली, नेट गेलं,
पान बॅटरीवर तसंच चालू.
खिडकीबाहेर बैलगाड्या पोटभर पाण्यात, होड्यांना लागलेल्या.
अगदी तळाला, ह मध्ये, सापडलं.
हसू राघो दोरलेकर.

आमच्यात नातवाला आजोबाचं नाव.
राघोचा हसू, हसूचा राघो, राघोचा हसू,
तिसऱ्या खेपेला तीच ओळ, काना न् मात्रा तीच.
थोरल्या हसूची होडी मिळाली होती, तो नाही.
नातू चार महिन्यांनी जन्मला.
घरच्यांनी त्याच्या नावाआधी
ते अक्षर आणि टिंब आजवर लिहू दिलेलं नाही.
राघो दरसाल बापाची वर्गणी भरतो, पावती मागतो.

मी पानाकडे बघत राहिले, यातला कुठला ठेवलास?
पण त्याला दोघे दिसलेच नव्हते.

ओळ पुन्हा टाइप केली. खूण काढली.
छापताना सेक्रेटरी म्हणाले, हे दोनदा आलंय.
म्हटलं, दोनच आहेत ते.

सोमवारी धाकटा हसू सहीला आला, हाताला डिझेल.
दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं, काळा पट्टा उठला.
"आज्याच्या म्होरं काय लिवू?"
मोकळं सोड.
त्याने खालच्या ओळीपुढे आपली सही केली,
जरा लांबवलीच,
शेवटच्या अक्षराचा फराटा वरच्या रकान्यात गेला.