प्रवासाचा उद्देश

अर्जात शेवटून तिसरा रकाना: प्रवासाचा उद्देश.
तिथं आमचं पेन थांबलंय.

वरचं सगळं भरून झालं.
राजमणी नरसय्या गज्जम, वय सत्तेचाळीस.
शाहेदा महेबूब बागवान, वय तिनं सांगितलं ते.
पत्ता दोघींचा एकच गल्ली, अक्कलकोट रोड,
पाण्याच्या टाकीमागं.
टाकीत पाणी असतंच असं नाही,
पण पत्त्याला चालते.

बेटाचं नाव मिनिकॉय.
शाहेदाच्या नातवानं मोबाइलवर दाखवलं
तेव्हा मला वाटलं, काचेवर कण पडलाय.
पदरानं पुसला
तर बेट सरकलं कुठंतरी
आणि हातात नुसतं निळं उरलं.

अठरा वर्षं आम्ही टॉवेलच्या कडा मारतो.
दर दिवाळीनंतर एक ऑर्डर येतेच, बाहेरच्या हॉटेलांची:
पांढऱ्यावर हिरवा माड, खाली वाळूचा पट्टा,
कोपऱ्यात अर्धा सूर्य.
उगवतोय का मावळतोय
ते जकार्डवाल्या अंबादासलाही माहीत नाही.
"कार्डाला भोकं जशी, तसा सूर्य," म्हणतो
आणि तंबाखू मळतो.
त्या वाळूच्या काठानं माझी सुई किती मैल चालली
कोण मोजणार? आमचे नगसुद्धा
शनिवारी नेहमी चार-दोन कमीच भरतात.

यंदा भिशी लागोपाठ आम्हा दोघींना लागली.
तिची सून म्हणाली, फ्रिज.
माझा मुलगा म्हणाला, गाणगापूर करून ये.
तिच्या दिरानं सुचवलं, गुलबर्ग्याचा दर्गा.
गाडी एकच, ती दोन स्टेशनं पुढं उतरली असती, एवढंच.
आम्ही तिसरीच गाडी काढली,
कोचीपर्यंतची. तिथून जहाज.
जहाजाचा अनुभव:
कंबर तलावात एकदा पायडलची होडी, अर्धा तास,
त्यातही शाहेदानं डोळे मिटलेले.

दाखल्यासाठी पोलीस ठाण्यात गेलो.
हवालदारानं वरपासून खालपर्यंत बघितलं.
"बायका बायका कशाला चाललाव?"
"पाणी बघायला."
"मग उजनीला जावा की."

सामान ठरलं.
शेंगाचटणी अर्धा किलो, कडक भाकरी वीस.
ती दोन महिने टिकते, पण तिथली हवा म्हणे ओली.
मऊ पडलेली कडक भाकरी
आम्ही जन्मात पाहिलेली नाही.
आणि टॉवेल म्हणे दोन-दोन दिवस वाळत नाही!
इथं मे महिन्यात दुसरा पिळेपर्यंत
पहिला तारेवर पापड होतो.

जहाज सुटायचं गुरुवारी,
नेमकं त्याच गुरुवारी आमच्या गल्लीचं पाणी.
चुकलं की पुढं पाच दिवस बोंब.
विजयालक्ष्मीला किल्ली दिली, दोन बॅरल दाखवले,
सात घागरी मोजून दिल्या, मोटारीचं बटण समजावलं.
तरी मला माहीत आहे
चहूबाजूंनी समुद्र असेल
आणि मी पहाटे साडेतीनला उठून
अंधारात नळाचा आवाज ऐकत बसेन.

"काय करलालीस? लिही की," शाहेदा म्हणते.
पर्यटन लिहू? तो शब्द
दुसऱ्या कुणाची साडी नेसल्यासारखा वाटतो.
विश्रांती लिहू? हसतील.
ती बिडीच्या सुपासारखा अर्ज मांडीवर ओढते,
थोडा विचार करते, परत देते.
"लिही: पाठवलेला माल पोचला का, बघणे."

लिहिलं. खाडाखोड न करता, एका दमात,
कड मारतात तसं.

आता कारखान्यात रजेचा अर्ज द्यायचा राहिलाय.
त्यातही असलाच रकाना आहे, कारण म्हणून.
तिथं मात्र आमचं ठरलेलं आहे:
गावी लग्न.