खोटी

मे महिन्यात, सावद्याच्या आमच्या फ्रूट सेलमध्ये
'ताळमेळ' आलं.
मालकांचा भाचा लोकेश पुण्याहून घेऊन आला,
कूलरसमोर पाय पसरून म्हणाला,
आता वही एकच, हात कितीही.
वजन निंभोऱ्याच्या शिवारातून चढेल,
दिल्लीवाला दिल्लीतून बघेल,
आणि काकू, तुम्ही इथून.

काकू म्हणजे मी, हेमलता फिरके.
माझा रंग जांभळा निघाला, कोणी विचारलं नव्हतं.
माझ्या नावाची बारीक उभी रेघ
चौकटीत उघडझाप करायची.

धाके अण्णांना पोपटी मिळाला.
एकतीस वर्षं लाल कापडी वहीत लिहिलेला माणूस,
चुकलं की ब्लेडने खरवडायचा
आणि शाई फुटू नये म्हणून
ती जागा नखाने घोटत बसायचा.
ॲपात खरवडायला काही नाही.
ते नुसते चौकटीवर जाऊन उभे राहायचे.
मला दिसायचं: पोपटी रेघ, गाडी नंबर सहा, हलत नाही.
'धाके लिहीत आहेत...'
'धाके लिहीत आहेत...'
सात मिनिटांनी एक आकडा.
मग तोही पुसलेला.

मी शेजारच्याच टेबलावर.
पण माणूस स्क्रीनवर अडलेला दिसतो तेव्हा
हाक मारायची की नाही,
हे लोकेशने शिकवलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात
रुबाब तडवीच्या पोराने बापाच्या मोबाइलवरून
दांड्याच्या घटीच्या रकान्यात पिवळा अंगठा टाकला,
सगळी बेरीज अडली.
दिल्लीवाला पान उघडं टाकून जेवायला गेला,
त्याच्या चौकटीला कुलूप,
आमच्या तीन गाड्या शेहेचाळीस डिग्रीत उभ्या.
'थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.'
रुबाब म्हणाला, केळाले सांगा काकू,
थोड्या येळानं पिक म्हना.

महिनाअखेर हमाली वजनाशी जुळेना.
लोकेश फोनवर म्हणाला, वर उजवीकडे घड्याळ आहे, दाबा.
दाबलं.
पान मागे मागे जायला लागलं.
पुसलेलं सगळं जिवंत, ज्याच्या त्याच्या रंगात.

रात्री ११.५२, पोपटी,
रुबाबची टोळी: १४८ चे १५०.
आदल्या मंगळवारी १३६ चे १३८.
त्याच्या आधी १४१ चे १४३.
दोनच. दरवेळी दोनच क्विंटल.

तारखा लावून पाहिल्या.
त्या त्या दिवशी गाडी उशिरा आलेली,
टोळी चार-पाच तास बांधावर बसून.
त्या बसण्याला ॲपात रकाना नाही.
वहीतही नव्हता.
खोटी झाली, एवढंच म्हणतात आमच्याकडे,
आणि खोटीचे पैसे कोणी देत नाही.

मला लाल वह्यांतल्या त्या जागा आठवल्या,
घोटून घोटून चकाकणाऱ्या.
मी समजत होते, अण्णांचा हात चुकतो.

खाली बटण होतं: 'जुना आकडा परत आणू?'
मी पान बंद केलं.
पण बंद करणंही लिहिलं जातं तिथे.
'हेमलता फिरके यांनी इतिहास पाहिला, ४.१०.'
शेजारच्या टेबलावर
चष्मा पुसण्याचा आवाज थांबला.
मी मान वर केली नाही.

लोकेशला कळवलं, बेरीज माझ्याकडून चुकली होती.
तो म्हणाला, होतं काकू, सवय नाही ना.

दुसऱ्या दिवशी मला सापडलं
की अधिकचं चिन्ह दाबलं तर नवा रकाना उघडतो.
मथळ्यात लिहिलं: खोटी.
ॲपने विचारलं,
'इथे काय येणार, आकडा की मजकूर?'
मी काहीच निवडलं नाही.

थोड्या वेळाने पोपटी रेघ
सगळं पान ओलांडत तिथे आली,
पहिल्या चौकटीत उभी राहिली.
'धाके लिहीत आहेत...'

साडेअकरा झाले होते.
नऊची गाडी अजून आली नव्हती.