आवक-जावक

सिस्टर वर्गीस कोट्टयमला कायमच्या गेल्या
तेव्हा त्यांची नव्व्याण्णवची झेन मी घेतली,
स्टेअरिंगच्या लोकरी कव्हरासकट
आणि डिकीतल्या पाच लिटरच्या एका कॅनसकट
ज्याबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या आठवड्यात कळलं, कॅन कशासाठी.
कूलंटची टाकी रेषेच्या बोटभर खाली.
भरली. पुन्हा बोटभर.
मग टाकीवर चिकटपट्टी लावली,
पेनाने तारीख, वेळ, सही,
वॉर्डात ड्रेनच्या बाटलीला लावतो तशी.
सोमवार. आत: दोनशे मिली. बाहेर: दिसलं नाही.
शुक्रवार. आत: अडीचशे. बाहेर: दिसलं नाही.
असा तक्ता एखाद्या नव्या पोरीने आणला असता
तर मी तिला परत पाठवलं असतं,
जा, कॉटखाली वाकून बघ.

मीही वाकले.
खारेगावात सोसायटीच्या पार्किंगमध्ये
फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली सारला.
सकाळी त्यावर मांजराची चार पावलं.
बाकी कोरडा.

काशिनाथ मढवीने होज दाबून पाहिले, एकेक,
नाडी बघावी तसे.
डिपस्टिकवरचं तेल दोन बोटांत चोळलं: दुधाळ नाही.
सायलेन्सरमागे उभा राहून धूर हुंगला: गोड नाही.
मला म्हणाला, पायाखालचा गालिचा चाचपा.
ओला नव्हता.
टोपण बदललं, एकशेऐंशी रुपये.
हेड उघडायचं का, विचारलं तर हात जोडले.
“बाय, हेड उघरायचा म्हंजे
चालत्या मानसाचा पोट फारायचा. आदी बगू.”

तीनदा गेले. तीनदा चालवत गेले,
म्हणून तीनदा गरम, आणि तीनदा कोरडी.

अकराच्या राउंडला सगळेच बरे असतात.
चौदा नंबरचे सुळे मास्तर
डॉक्टरांना रोज सांगायचे, काही त्रास नाही, साहेब.
पहाटे चारला उशी उभी करून बसायचे,
माझ्या चपलांचा आवाज आला की आडवे,
डोळे मिटलेले, श्वास मात्र पळत.
मी रिपोर्टात लिहिलं. दोनदा.

चौथ्या वेळी म्हटलं, गाडी रात्रभर इथेच राहू दे.
मढवीने टाकीच्या तोंडावर हातपंप बसवला,
काटा पंधरावर आणून शटर ओढलं.

सव्वासातला ड्यूटीवरून थेट तिथे.
तो ब्रश तोंडात घेऊन उभा.
काटा नवावर.
त्याच्या टॉर्चचे सेल गेलेले,
मी युनिफॉर्मच्या खिशातला काढला,
बाहुल्या बघायचा, पेनाएवढा.

पट्ट्याच्या आड, पंपाच्या पोटाखाली
मसुराएवढं भोक.
कडेला हिरवट खार साचलेला.
दोघं उकिडवे, बोललो नाही.
थेंब जमला. फुगला. बराच वेळ लटकला.
मग खालच्या पत्र्यावर, पंचवीस वर्षांच्या मातीत,
आवाज न करता मुरला.

“गार परला का आखरतो,” मढवी फेस थुंकून म्हणाला,
“गरम झाला का फुगून बसतो. दिवसा गावनार कसा?”
आणि हे भोक? हे कशाने पडलं?
“परला नाय. कंपनीनंच ठेवलाय.
आतला सील गेला, तं गळून सांगाया.”

मी तशीच बसून राहिले, पायांना मुंग्या येईपर्यंत.

पंप, मजुरी, नवं कूलंट: बत्तीसशे.
सिस्टर वर्गीसना फोन केला.
त्या हसल्या. “अगं, ती पहिल्यापासून थोडं पिते.
जुनी आहे ना. मी विचारलंच नाही कधी.”

त्या रात्री चौदावर दुसरं कुणी होतं,
हर्नियाचा तरणा मुलगा, ऐरोलीचा.
चार वाजता मी तरीही गेले.
झोपला होता, खरोखरच.
चपला हातात घेऊन उभी राहिले थोडा वेळ.