मिळून येत नाही

विट्याच्या कोर्टात माझं काम
नावं घेण्याचं.
व्हरांड्याच्या तिसऱ्या खांबाशी उभं राहायचं,
घसा खाकरायचा, आणि
अधिकराव ज्ञानू शितोळेऽऽ
तीनदा.
मधे एसटीचा हॉर्न आला तर चारदा,
चौथी फुकट.

गुन्हा तसा एका दाताचा.
पाण्याच्या पाळीवरून पाईप उगारला,
समोरच्याचा दात पडला.
तो अजून मुद्देमाल खोलीत आहे,
पाकिटात, लाखेच्या सिलाखाली, नंबर घातलेला.
दात हजर. आरोपी नाही.

पहिल्या वर्षी वकिलांनी माफीचे अर्ज दिले.
ताप. चुलत्याचं दहावं. पुन्हा ताप.
मग वकीलच येईनासे झाले.
साधं वॉरंट गेलं, मग बिनजामिनाचं.
हवालदार गावच्या चिंचेखाली गाडी लावून परत यायचा
आणि त्याच निळ्या शाईत लिहायचा :
सदर इसम राहते घरी मिळून येत नाही.
फरारीचा जाहीरनामा मी स्वतः डकवला त्याच्या दारावर.
खळ ओली होती तोवर बायको म्हणाली,
जरा वर लावा,
शेळी खाती कागद.

मग कायद्यानं मान वळवली
जो जागेवर होता त्याच्याकडं.
इलाही बाबालाल मुलाणी, जामीनदार.
पत्र्याच्या पेट्या करतो.
बारा गुंठे, सातबाऱ्यावर कोर्टाचा बोजा.
बोलावलं नाही त्या तारखेलाही येतो,
बाकड्याच्या कडेला बसतो,
तिथून उठवलं तर सोपं जावं म्हणून.

मॅडम नव्या होत्या. त्यांनी विचारलं,
तुमचा कोण लागतो तो?
कोण न्हाई.
मग जामीन का राहिलात?
इलाहीनं टोपी काढून पुन्हा घातली.
पेटी नेली हुती माझ्याकडनं.
पैसं वक्ताला दिलं हुतं.
मॅडमनी पेन टेकवलं
आणि बराच वेळ काही लिहिलं नाही.
पंधरा हजारांतले पाच माफ.
दहाचे हप्ते.

मार्गशीर्षात मी सेलमला गेलो,
भाच्याच्या गलाईच्या दुकानाची पूजा होती.
आमच्याकडची निम्मी पोरं तिकडं सोनं वितळवतात.
गल्लीच्या टोकाला, दुसऱ्याच कुणाच्या भट्टीपुढं
एकजण उकिडवा बसून मूस ओतत होता.
ओतून झाल्यावरच त्यानं मान वर केली.
पाच वर्षं जे नाव मी खांबाला ऐकवलं
त्याला भुवया होत्या. जळलेल्या.
नाव ओठांपर्यंत आलं
पण तिथं मला उभं राहायला खांब नव्हता.
तोच म्हणाला, शिपाईमामा?
बसा.
चहा सांगितला.
मग भट्टीकडंच बघत, हळू :
तारीख कितवी लागलीया?

मी चहा प्यालो.
सगळा प्यालो.

काल पुन्हा पुकारा.
पहिली हाक नेहमीची.
दुसरीला घशात वेलदोडा आला.
तिसरी इतक्या जोरात गेली
की झेरॉक्सवाला दुकानाबाहेर येऊन उभा राहिला.
आत रोजनाम्यावर ओळ पडली,
आरोपी पुकारला असता गैरहजर.
लेखनिक म्हणाले, आता ही सुप्त फायलीत जाईल,
तुझा घसा सुटला.

इलाही तिसऱ्या हप्त्याची पावती
चार घड्या घालून खिशात ठेवत होता.
खांबाशी थांबला.
मामा, तुमी लई जीव लावून हाका मारता, म्हणाला.
कुटं ना कुटं पोचत आसंल.

मी पुढचं नाव शोधू लागलो.
यादी हातात उलटी होती.