नवव्या पडद्यावर

उडी तीच ठेवायची, एवढंच ठरलं होतं.
बाकी सगळं बदला, म्हणाला फिनले.
समुद्र नवा, ढग नवे, पन्नास वाद्यांचा ताफा,
दीपगृहाच्या म्हाताऱ्याला दाढीचा केस न् केस,
आणि वारा कुठून येतो ते दाढीला आधी कळतं.
जुन्या खेळात तो होता सोळा ठिपके उंच.
गवताजवळून गेला की हिरवा व्हायचा,
विटांपाशी लाल.
एका चौकोनात दोनच रंग परवडायचे त्या यंत्राला,
म्हणून म्हातारा जिथे जाई तिथलाच होऊन जाई.
आता तो कुठेही गेला तरी निळाच राहतो.
याला आम्ही सुधारणा म्हणतो.

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवस मिटतो.
टे नदीच्या पुलावरून उजेड निघून गेला तेव्हा
मी जुनी आज्ञावली उलगडत बसले होते,
कॅसेटच्या किंचाळ्यांतून गाळून काढलेली,
चाळीस वर्षांपूर्वी सतरा वर्षांच्या एका पोरानं
चिकटमारूपणानं लिहिलेली.
शिडीचा आकडाच पुढे घंटेचा सूर होतो,
थोरल्याचा कोट उसवून धाकटीला शिवावा तसा.
एक बाइट वाया नाही.

आणि नवव्या पडद्यावर, तुटक्या धक्क्याच्या टोकाशी,
सात बाइट नुसते सांडलेले.
पाय सुटल्यावर तीन फ्रेम म्हातारा पडतच नाही.
उभा राहतो हवेत,
काही विसरल्यासारखा.
आणखी कुठेच नाही. फक्त तिथे.

चूक आहे, काढ, म्हणाला फिनले.
तसंही आपण प्रत्येक कड्यावर सहा फ्रेम देतोच की,
हल्ली सगळेच देतात,
नाहीतर लोक पैसे परत मागतात.
खरं होतं त्याचं. सगळ्यांना सहा.
कुणाचंही नाव न घेता वाटलेली माफी.

डगल रेनी आता बॉयलर दुरुस्त करतो.
फोनवर त्याला आधी वाटलं, आमचं गरम पाणी गेलंय.
मग कळलं, मग बराच वेळ गप्प.
"नववा? धक्का?
मीटरमध्ये नाणं टाकावं लागायचं तेव्हा.
एका नाण्यात एक तर हीटर, नाहीतर खेळ.
एल्स्पेथ आठ वर्षांची. लोकरीचे हातमोजे घालून खेळायची.
खाली रबराची बटणं, वर लोकर,
मनात आलेली उडी पोचेपर्यंत उशीर.
नवव्याला पडायची आणि भोकाड पसरायची,
आणि मला दहावा लिहायचा होता."
पुन्हा गप्प.
"तिला माहीत नाही हे."
आणि ठेवता ठेवता: "प्रेशर बघून घ्या बॉयलरचं,
गारठा वाढणार आहे."

जानेवारीत एल्स्पेथ आली, बस डेपोत लावून,
गणवेशातच, गळ्यात अजून ओळखपत्र.
पहिल्या पडद्यावर दोनदा मेली,
चौथ्यावर पाचदा, आणि हासडलेली शिवी ऐकून
फिनलेनं कॉफीतून तोंड वर काढलं.
दाढी बघून म्हणाली, हा कोण?
घंटेचा सूर ऐकून मात्र काही बोलली नाही.

नवव्याला खुर्ची पुढे ओढली.
"हा माझा. इथे डगलसुद्धा पडायचा,
मी कधीच नाही."
मी खिडकीकडे पाहिलं.
तिनं म्हाताऱ्याला धक्क्याच्या टोकापर्यंत नेलं,
टोकाच्याही पुढे,
आणि मग, उघड्या बोटांनी, निवांत,
उशिरा, फारच उशिरा, कळ दाबली.

नऊ फ्रेम.
सहा जगाच्या, तीन जुन्या.
फिनलेला विचारलं नव्हतं मी.
त्या ओळीपुढे टीप लिहायची जागा असते,
ती कोरी ठेवली.

"बघितलंस?" म्हणाली एल्स्पेथ.
बघितलं, म्हटलं.

दहाव्यावर ती लगेच पडली.