आईचं माहेरचं आडनाव

मंगळवारी पहाटे, डंडीत अजून मिट्ट काळोख,
माझ्या खात्यातून कुणी घेतले
अकरा नंबरचे बूट, मासे धरायची काठी,
आणि चारशे बारा पौंडांचं काहीतरी,
ज्याला नुसताच आकडा.

चाळीस मिनिटं पियानोचं तेच वळण.
चहावर साय धरली.
मग फियोना. नाक चोंदलेलं. मला ‘हेन’ म्हणाली,
इकडे लाडानं कोंबडी म्हणतात.
आईचं माहेरचं आडनाव?

ढमढेरे. डी फॉर डंडी, एच फॉर हॉस्पिटल...
‘बरोबर. त्यांनीही हेच सांगितलं होतं.’

त्यांनीही.

आमच्या घरात ते कुणी उच्चारलं नव्हतं.
ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव कोरलं
आणि द्वारका ढमढेरे त्याच तांदळाच्या भातात संपली.
मी विचारलं एकदाच,
तेही हा फॉर्म अडला म्हणून.
‘आता कशाला गं ते?’ म्हणाली,
पण सांगितलं सावकाश, दोनदा.

आणि हा कुणी अकरा नंबरच्या पायांचा
टाइप करतो ते, न अडखळता,
दोन्ही एचसकट.

पैसे येतील, फियोना म्हणते, दहा दिवसांत.
प्रश्न मात्र बदला.
जुनाच ठेवू का?
‘नाही हेन, ते नाव आता बाद.’

बरं. पहिलं पाळीव जनावर:
म्हैस.
तिचं नाव घरात सगळ्यांना पाठ होतं,
शेजाऱ्यांनाही, आजोबा तर झोपेत घेत.
ते इथे लिहीत नाही.